हरलेल्या सेनापतीचं काय करायचं?

सातव्या शतकातल्या महाराष्ट्रात लढाई हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा होत नसे. त्याचं डोकं उडवत नसत, त्याला तुरुंगात टाकत नसत. त्याला फक्त बायकांचे कपडे देत. पुढचं तो आपलं आपण बघे, म्हणजे जीव देई.

हे लिहून ठेवलं आहे ह्युएनत्संगने. हा चिनी भिक्षू दक्षिणेत कांचीपर्यंत जाऊन, तिथून वर येत, इ.स. ६४१च्या सुमारास आपल्या भागात पोचला. तेव्हा इथे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि गादीवर दुसरा पुलकेशी होता. ह्युएनत्संगचा हा उतारा आपल्याला अर्धाच माहीत असतो. इथली माणसं उंच, साधी, स्वाभिमानी. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात आणि मगच हत्यार उचलतात, शरण आलेल्याला मारत नाहीत. एवढा भाग आपण भाषणांतून, दिवाळी अंकांतून, व्हॉट्सॲपवरून छाती फुगवून सांगतो. त्याला लागूनच असलेलं कपड्यांचं वाक्य मात्र गाळतो. त्याच्या पुढचं तर हमखास गाळतो: राजाच्या पदरी काहीशे निवडक लढवय्ये होते, ते लढाईआधी दारू पीत, हत्तींनाही पाजत, आणि अशा लढवय्याने वाटेत एखादा माणूस मारला तरी कायदा त्याला हात लावत नसे.

म्हणजे जिंकून देणाऱ्याला खूनही माफ. हरणाऱ्याला शिक्षा कसलीच नाही, फक्त लाज.

मला गेले काही महिने हे वाक्य सोडत नाही. शिक्षा न करता फक्त लाजवणं ही दया आहे की क्रौर्य? आणि हा प्रश्न पुलकेशीच्या बाबतीत जास्त टोचतो, कारण हरलेल्या माणसाचं काय करायचं हे या राजाला उत्तम कळत होतं. हरलेला माणूस परका असेल तर.

पुलकेशी गादीवर आला तोच घरातली लढाई जिंकून. बाप पहिला कीर्तिवर्मा गेला तेव्हा मुलं लहान होती म्हणून चुलता मंगलेश राज्य बघू लागला. पुढे त्याला गादी स्वतःच्या मुलाकडे जावी असं वाटू लागलं. पुतण्या बाहेर पडला, सैन्य जमवलं, आणि ६१०च्या सुमारास परत आला. मुलाला राज्य देण्याचा प्रयत्न, खुद्द राज्य आणि जीव, असं तिन्ही मंगलेशने एकदमच गमावलं, अशा अर्थाचा श्लोक ऐहोळेच्या प्रशस्तीत आहे. ही प्रशस्ती रविकीर्ती नावाच्या जैन कवीने शके ५५६, म्हणजे इ.स. ६३४-३५मध्ये मेगुटीच्या देवळाच्या भिंतीवर कोरवली. शेवटी तो स्वतःला कालिदास आणि भारवी यांच्या रांगेत बसवतो. (कालिदासाच्या काळाबद्दल वाद घालणाऱ्यांवर या बढाईचे फार उपकार आहेत. त्याच्या नावाचा निश्चित तारखेचा इतका जुना उल्लेख म्हणून हा लेख सगळे देतात.)

राज्य घरातच फुटलेलं बघून आप्पायिक आणि गोविंद नावाचे दोघे हत्तींचं दळ घेऊन भीमेच्या उत्तर तीरापर्यंत चालून आले. पुलकेशीची ही पहिली परीक्षा. त्याने काय केलं? एकाला पळवून लावलं आणि दुसऱ्याला आपल्याकडे ओढून घेतलं. ओढून घेतलेल्याला, प्रशस्ती म्हणते, केलेल्या सेवेचं फळही मिळालं. काल गादी गिळायला आलेला माणूस आज मित्र. पुढच्या पंचवीस वर्षांत हेच पुन्हापुन्हा दिसतं. गंग आणि आळुप सामंत झाले. लाट, मालव आणि गुर्जर यांनी मान तुकवली, आणि ती इतक्या छान तुकवली की सामंतांनी कसं वागावं याचे ते जणू शिक्षकच झाले, असं रविकीर्ती जरा खट्याळपणे लिहितो. कोकणातल्या मौर्यांच्या पुरीवर तर जहाजं घालावी लागली. वेंगीकडचा मुलूख घेतल्यावर तिथे धाकटा भाऊ कुब्ज विष्णुवर्धन याला बसवलं. चुलत्याचा अनुभव घेतलेला राजा भावावर एवढा विश्वास टाकतो हे मला विशेष वाटतं. त्या भावाचं घराणं तिकडे पुढे साडेचारशे वर्षं टिकलं, थोरल्या पातीपेक्षा कितीतरी जास्त.

आणि हर्ष. उत्तरेचा सम्राट, पाच भारतांचं सैन्य घेऊन स्वतः आला, तरी या एका देशाला नमवू शकला नाही, असं ह्युएनत्संग म्हणतो, आणि तो तर हर्षाचा चाहता. नर्मदेवर हर्षाचे हत्ती पडले. पुलकेशीने हर्षाचा पाठलाग करत कनौज गाठलं नाही. नर्मदा ही सीमा राहिली. पुढच्या चालुक्य लेखांत ‘परमेश्वर’ ही पदवी याच विजयातून आल्याचं सांगितलं जातं.

इराणचाही एक धागा आहे. अरबी इतिहासकार तबरी सांगतो की खुस्रो दुसरा याच्या ३६व्या राज्यवर्षी एका भारतीय राजाकडून भेटी आणि पत्रं आली. हा राजा म्हणजे पुलकेशी असं अनेक अभ्यासकांनी मानलं. त्यातलं एक पत्र खुस्रोच्या मुलाला, शीरूयेला, होतं. तुला लवकरच राज्य मिळणार आहे, असं त्यात लिहिलेलं. ६२८मध्ये त्याच मुलाने बापाला पदच्युत केलं आणि बापाचा जीव गेला. चुलत्याला मारून राजा झालेल्या माणसाने असं पत्र लिहिलं असेल, तर तो मनुष्यस्वभाव ओळखून होता एवढंच म्हणता येईल. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं ‘इराणी वकिलाचं’ चित्र मात्र या गोष्टीला जोडू नये. वॉल्टर स्पिंक यांनी त्या लेण्याचा काळ वाकाटक हरिषेणाचा, म्हणजे पाचव्या शतकाचा धरला आहे. पुलकेशीच्या दीडेकशे वर्षं आधीचा.

तर असा हा राजा. परक्या पराभूताला तो परतीची वाट ठेवतो. झुक, खंडणी दे, मग तुझं सिंहासन तुलाच, वर मान. आणि स्वतःच्या सेनापतीला? त्याला लुगडं.

लाजेच्या बाजूनेही बोलता येतं, आणि ते नीट बोललं पाहिजे. शिक्षा माणसाच्या शरीराला होते, लाज त्याच्या मनाला विचारते. ज्याला तुम्ही लाजवता, त्याच्या ठायी लाज आहे हे तुम्ही गृहीत धरता, म्हणजे त्याला माणूस मानता. गुराला कोणी लाजवत नाही. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने ग्रीक नाटकांवर लिहिताना हेच मांडलं, की लाज म्हणजे नुसती ‘लोक काय म्हणतील’ची भीती नव्हे. माणूस ज्यांच्या नजरेची किंमत करतो त्यांची नजर तो आपल्या आत घेऊन फिरतो, आणि ती नजर त्याच्या नीतीचाच भाग असते. ह्युएनत्संगचा सेनापती राजाला घाबरून मरत नाही. तो स्वतःच्याच नजरेतून उतरतो. त्या अर्थाने हा समाज उदात्त आहे, आणि प्रजा राजाशी एकनिष्ठ होती अशीही नोंद त्याच पानावर आहे.

पण इथेच मला काहीतरी चुकतंय असं वाटतं, आणि ते कुठे चुकतंय हे मला पुस्तकांपेक्षा ऑफिसात जास्त कळलं.

माझ्या आधीच्या एका नोकरीत (नाव घेत नाही) आमच्या टीमकडे एक कापडी गाढव होतं. ज्याच्या कोडमुळे प्रॉडक्शन बंद पडेल त्याच्या टेबलावर ते आठवडाभर बसायचं. पगार कापला जात नव्हता, अप्रेझलमध्ये काही लिहिलं जात नव्हतं. सगळं हसतखेळत. येणारे-जाणारे गाढवाबरोबर सेल्फी घ्यायचे. गाढव आल्यावर कागदावरचे बिघाड खरंच कमी झाले आणि मॅनेजर खूश होते. मग एका ऑडिटमध्ये निघालं की काही ग्राहकांना चार महिने चुकीची बिलं जात होती. एका मुलाला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. त्याने रात्री बसून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, रोज पहाटे चुपचाप आकडे सरळ करणारी, आणि कोणाला काही सांगितलं नाही. स्क्रिप्टमधून सुटलेली बिलं तशीच जात राहिली. मुलगा हुशार होता, मेहनती होता. त्याला नोकरी जायची भीती नव्हती. त्याला गाढव नको होतं.

आमच्या धंद्यात आता मोठा बिघाड झाला की एक टिपण लिहायची पद्धत आहे. त्यात कोणाचं चुकलं हे विचारायचं नसतं, कसं चुकलं हे विचारायचं असतं. हे आम्ही शोधलेलं नाही. विमानवाल्यांनी आमच्या कितीतरी आधी शिकलेलं आहे: अमेरिकेत १९७६पासून वैमानिक आपली चूक गुप्तपणे कळवू शकतात अशी व्यवस्था नासा चालवते. कारण साधं आहे. ज्याच्या हातून चूक घडली त्यालाच ती सर्वांत नीट माहीत असते. त्याला गप्प केलं की ती माहितीच गेली. आणि मेलेला सेनापती तर कायमचाच गप्प. शत्रूचे हत्ती कुठून आले, आपला कुठला सामंत वेळेवर पोचला नाही, पाणी कुठे संपलं, हे सांगू शकणारा एकमेव माणूस तुम्ही कपड्यांची घडी पाठवून संपवून टाकलात.

पण हा झाला उपयोगाचा मुद्दा. मी इंजिनियर असल्यामुळे तो मला लगेच दिसतो आणि म्हणूनच मला तो पुरेसा वाटत नाही. समजा, लाजवल्याने माहिती लपली नसती, राज्य वाढलंच असतं. मग चाललं असतं का?

जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९च्या आपल्या पुस्तकात लाजवण्याचे दोन प्रकार केले. एकात आपण माणसाला सांगतो की तू हे वाईट केलंस, आणि मग त्याला पुन्हा पंगतीत घेतो. दुसऱ्यात सांगतो की तूच वाईट, आणि पंगतीतून उठवतो ते कायमचं. घरात आई पहिला प्रकार करते. हे वाचल्यावर पुलकेशीचं कोडं माझ्यापुरतं तरी सुटलं. सामंत होणं ही शुद्ध लाजच आहे: मान खाली, हात जोडलेले, भर दरबारात. पण तिला शेवट आहे. त्या समारंभानंतर गोविंद उठून आपल्या जागेवर बसतो. सेनापतीच्या लाजेला शेवट नाही. ‘तू लढाई हरलास’ असं ते कपडे म्हणत नाहीत, ‘तू पुरुषच नव्हतास’ असं म्हणतात, तेही मागच्या सगळ्या लढायांसकट. त्याला खाली बघून परत वर बघायची सोयच नाही. मग ‘आम्ही तर काहीच शिक्षा केली नाही’ असं म्हणणाऱ्या दरबाराचे हात स्वच्छ कसे? त्यांनी शिक्षा माफ केलेली नाही. ती अंमलात आणायचं काम फक्त त्याच्यावरच सोपवलेलं आहे.

आणि ते कपडे बायकांचेच का, हा प्रश्न मी वाचताना माझ्यापुरता बाजूला ठेवू शकत नाही. तेराशे वर्षं उलटली तरी आपण हीच भाषा बोलतो. ‘हातात बांगड्या भरल्यात का?’ अधिकारी काम करत नाही, मोर्चा न्या, साडीचोळी आणि बांगड्यांचा आहेर द्या, वर्तमानपत्रात फोटो. त्या मोर्च्यात पुष्कळदा बायकाच पुढे असतात. मी जे रोज अंगावर घालते ते कोणासाठी तरी मरणाहून वाईट आहे, हे हसण्यावारी नेता येतं, पण मला ते फार वेळ जमत नाही. चालुक्यांच्याच घरात याला एक उत्तर आहे. पुलकेशीनंतर राज्याची वाताहत झाली, भाऊ भावांशी भांडत होते, त्या सुमारास त्याच्या एका सुनेच्या, चंद्रादित्याची राणी विजयभट्टारिका हिच्या नावाने दानपत्रं निघत होती. नेरूर आणि कोचरे इथे ती सापडली, दोन्ही गावं आजच्या सिंधुदुर्गात. पराभवानंतर राज्याचा एक कोपरा चालू ठेवला तो लुगड्यातल्या माणसाने.

ती वाताहत कशी झाली? पुलकेशीने एकाच शत्रूला परतीची वाट ठेवली नव्हती, तो म्हणजे पल्लव. महेंद्रवर्म्याचं तेज चालुक्य सैन्याच्या धुळीने झाकोळलं आणि तो कांचीच्या तटाआड दडला, हे ऐहोळेच्या भिंतीवर मोठ्या चवीने कोरलेलं आहे. त्याला सामंतही केलं नाही आणि सोडलंही नाही. तटाआड बसलेला, दगडात कोरलेला भित्रा, असं त्याला ठेवून दिलं. मुलगा नरसिंहवर्मा हे बघतच वाढला असणार. ह्युएनत्संग कांचीहून महाराष्ट्रात आला त्याच्या पाठोपाठच, ६४२च्या सुमारास, नरसिंहवर्म्याने पुलकेशीला एकामागून एक लढायांत हरवलं आणि बदामी घेतली. पुलकेशी त्यानंतर दिसेनासा होतो. पल्लवांच्या कूरम ताम्रपटात या लढायांची नावं आहेत: परियळ, मणिमंगलम, शूरमार. तिथे पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर नरसिंहवर्म्याने ‘विजय’ हा शब्द लिहिला, जणू ती पाठ म्हणजे ताम्रपट, अशी कल्पना आहे.

पाठ दाखवलेल्याची पाठ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पराभवाची अक्षरं कोरवून घेतलेल्या राजाला शेवटी हे मिळालं. हरलेल्या सेनापतींना जे कपडे दिले जात, त्याचीच ही राजासाठी केलेली आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

मग सुडाचं पारडं खालीवर होत राहिलं. ६५५च्या सुमारास पुलकेशीचा मुलगा पहिला विक्रमादित्य याने बदामी परत घेतली, पुढे तो पल्लवांच्या मुलखात थेट कावेरीपर्यंत जाऊन आला. पण मला थांबायचंय त्याच्या पणतूपाशी, दुसऱ्या विक्रमादित्यापाशी. त्याचं राज्य ७३३ ते ७४४. तो कांचीत विजेता म्हणून शिरला, पणजोबाच्या बापाचा सगळा हिशेब हातात होता, आणि त्याने शहर जाळलं नाही. कैलासनाथाच्या देवळात गेला, तिथलं सोनंनाणं बघितलं आणि ते देवालाच परत देऊन टाकलं. हे त्याने त्याच देवळाच्या खांबावर कन्नडमध्ये कोरून ठेवलं.

तमिळ शहरात, पल्लवांनी बांधलेल्या देवळात, कन्नडमध्ये. म्हणजे हीसुद्धा निर्मळ दया नव्हेच. ‘तुमचं सोनं तुमच्याकडे आहे ते आमच्यामुळे’ हे देवळात येणाऱ्याने रोज बघावं, अशी सोय त्यात आहे. उपकारही लाजवतात. तरी ती लाज सहन करता येण्यासारखी होती असं दिसतं. विक्रमादित्य परत गेला, पल्लव पुन्हा कांचीत नांदले, आणि तो खांब त्यांनी खरवडला नाही. लेख अजून वाचता येतो. इतक्या औदार्याने चालुक्यांचं राज्य वाचलं, असंही नाही. पुढच्या दहाएक वर्षांत दंतिदुर्ग राष्ट्रकूटाने ते खालसा केलं.

बदामीलाही एक लेख आहे. शहर घेतल्यावर नरसिंहवर्म्याने आपल्या तेराव्या राज्यवर्षात तो एका खडकावर कोरवला. आता पुष्कळ झिजला आहे. चालुक्यांनी राजधानी परत मिळवली तेव्हा छिन्नी-हातोड्याचं ते एका दुपारचं काम होतं. पण तो खडक तसाच राहू दिला गेला, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं त्यांनी त्या खडकाशेजारीच राज्य केलं.